विश्लेषण : मलेरिया पुन्हा आला, दोष औषधाचा की डासाचा?

तीन दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या, ताप उतरला आणि तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या रक्तात पुन्हा मलेरियाचे परजीवी सापडले. औषध फसले की दुसरा बाधित डास चावला? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. युगांडा, अंगोलासारख्या देशांत या उत्तरावर औषधधोरण ठरते. औषधाचे अपयश १० टक्क्यांवर गेल्यास ते बदलावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

फरक कसा ओळखतात?

उपचाराआधी बोटातून रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर घेतात. मग औषधानुसार २८ किंवा ४२ दिवस रुग्णावर लक्ष ठेवतात. परजीवी परतला, की दुसरा थेंब. दोन्ही नमुन्यांत एमएसपी-१, एमएसपी-२ यांसारख्या जनुकांच्या तुकड्यांची लांबी पीसीआर चाचणीने ताडून पाहतात. लांबी जुळली तर जुनाच परजीवी औषधातून वाचला. जुळली नाही तर संसर्ग नवा.

मग अडचण काय?

जिथे डास फार, तिथे एकाच मुलाच्या रक्तात परजीवीचे अनेक प्रकार एकत्र नांदतात. पीसीआरमध्ये संख्येने जास्त असलेला प्रकार ठळक उमटतो, बाकीचे दबतात. पहिल्या थेंबात निसटलेला प्रकारच औषधाला पुरून उरला, तर अहवालात तो ‘नवा संसर्ग’ ठरतो. अपयश परस्पर पुसले जाते! उलट, योगायोगाने तेवढ्याच लांबीचा नवा परजीवी आला तर चांगल्या औषधावर ठपका बसतो.

समजा, १०० रुग्णांपैकी ३० जणांत परजीवी परतले. त्यातले २४ नवे ठरले, तर ते हिशेबातून वगळतात. उरलेल्या ७६ पैकी ६ अपयशी, म्हणजे सुमारे ८ टक्के. औषध पास. पण २० च नवे ठरले, तर ८० पैकी १० अपयशी, म्हणजे १२.५ टक्के. औषध नापास. फरक फक्त चार नमुन्यांचा. म्हणूनच चाचणीचे निकष हा केवळ प्रयोगशाळेचा तपशील नाही. आधी वापरात असलेल्या ‘ग्लर्प’ या तिसऱ्या जनुकाऐवजी मायक्रोसॅटेलाइट हे डीएनएतील पुनरावृत्तीचे तुकडे वापरावेत, अशी शिफारस आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली.

भारतात काय स्थिती?

ईशान्य भारतात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन ही जोडी फाल्सिपेरम मलेरियावर अपुरी पडू लागल्याने २०१३ मध्ये तेथे आर्टेमिथर-ल्युमफॅन्ट्रिन आणले गेले. मात्र आपल्याकडे व्हायव्हॅक्स मलेरियाही मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तिथे ही चाचणी अडखळते. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागा होतो. जागा झालेला परजीवी आधी रक्तात सापडलेल्या परजीवीशी जुळेलच असे नाही. म्हणजे औषध आणि डास यांच्या जोडीला तिसरा संशयित यकृतातच असतो. त्याला संपवण्यासाठी प्रिमाक्विन हे वेगळे औषध १४ दिवस घ्यावे लागते आणि ताप उतरला की अनेक जण ते मध्येच सोडतात.