चौघांचा पडदा

कला शाखेच्या वार्षिकात मॉनिटरच्या पडद्यावर लेख, आणि तोही खेळ खेळण्यासाठी घ्यावयाच्या मॉनिटरच्या, हे पाहून काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील. कविता नाही, कथा नाही, निदान एखादे प्रवासवर्णन तरी द्यायचे! पण ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढले, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने 'डोळ्यांपुढे पृष्ठभाग कोणता असावा' हा प्रश्न हलका का समजावा? राहता राहिला खेळ. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आणले. २०२३ साली हांगचौ येथे भरलेल्या आशियाई स्पर्धांत पडद्यावरचे खेळ स्वतःच पदकासाठी खेळले गेले. पैसे लावून खेळण्याचे जुगारी प्रकार २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आणि स्पर्धात्मक ई-खेळांना मान्यता दिली. तेव्हा ज्यांना हे दोन्ही एकच वाटतात त्यांनी एवढा फरक ध्यानी घ्यावा, ही विनंती.

आता मूळ विषय. आमच्या खोलीत आम्ही चौघे राहतो. दोघांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. संगणक एकाच्या थोरल्या भावाने पुण्याहून पाठविलेला, जुनाच. पण पडदा नव्हता. 'कमवा व शिका' योजनेतले थोडे, सुटीत मोंढ्यात केलेल्या कामाचे थोडे, असे वर्षभर साठवून दहा-बारा हजार जमले. ही रक्कम काहींना किरकोळ वाटेल. आमच्या दृष्टीने ती एकदाच जमणारी होती. पडदा चुकला तर बदलून दुसरा घेणे नाही. पदवी हातात पडेपर्यंत त्याच्याकडेच पाहायचे. त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या खोलीत राजकारण मागे पडले आणि पॅनेलचे प्रकार पुढे आले.

दुकानात गेलात तर खोक्यावर ठळक अक्षरांत 'एलईडी' लिहिलेले दिसेल. वाचकहो, त्यावरून पडद्याविषयी काहीही कळत नाही. एलईडी हा पडद्याच्या मागचा दिवा. त्याच्यापुढे काचेच्या दोन पातळ पत्र्यांत जो द्रवस्फटिक भरलेला असतो, त्याच्या वागण्यावर पॅनेलचा प्रकार ठरतो. हा पदार्थ मोठा विलक्षण. १८८८ साली प्रागमधील फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या द्रव्यावर काम करताना तो प्रथम आढळला: दोनदा वितळणारा, ना धड घन ना धड द्रव. त्यातील रेणू बारीक काड्यांसारखे असतात. वीज दिली की ते वळतात आणि प्रकाशाला वाट देतात किंवा अडवतात. टीएन प्रकारात या काड्या जिन्याच्या वळणासारख्या पिळलेल्या असतात व विजेने सरळ उभ्या राहतात. आयपीएस प्रकारात त्या काचेला समांतर पडून आडव्याच फिरतात. व्हीए प्रकारात मुळात उभ्या असतात, म्हणून मागचा उजेड घट्ट अडवतात. ओलेड ही जातच निराळी. तिला मागचा दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

माझे मत आधीच सांगतो: चौघांच्या खोलीत आयपीएसच घ्यावा. कारण या विषयावर जे जे सल्ले आम्हांला वाचावयास मिळाले, ते सारे एका गृहस्थासाठी लिहिलेले होते. हा गृहस्थ एकटा असतो, पडद्याच्या बरोबर समोर खुर्चीत बसतो, त्याची खोली अंधारी असते आणि त्याला मध्येच कोणी 'सरक की जरा' असे म्हणत नाही. असा गृहस्थ बीडमध्ये माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे एक खेळतो आणि तिघे पाहतात. एक खाटेवरून, एक दाराच्या चौकटीत उभा राहून, एक खाली सतरंजीवर. जो खेळतो त्याच्यापेक्षा जे पाहतात त्यांचाच आवाज मोठा असतो, हे सांगणे नलगे.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला ही अडचण नव्हती. १९८७-८८ साली 'रामायण' चालू असताना एका घरातल्या टीव्हीपुढे गल्ली लोटत असे, असे आमच्या घरचे वडीलधारे सांगतात. जो खिडकीच्या गजातून पाही त्यालाही राम तसाच दिसे जसा पुढे बसलेल्याला. त्या नळीचा उजेड सगळीकडे सारखा फाके. मग सपाट पडदे आले, आणि स्वस्त म्हणून टीएन सर्वत्र पसरला. तो चपळ खरा. झटपट चालणाऱ्या खेळात त्याची ख्याती होती. पण बाजूने पाहिले तर रंग फिके होतात आणि खालून पाहिले तर काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होऊ लागते. म्हणजे सतरंजीवरच्या माणसाला वेगळाच खेळ दिसायचा! (या दोषावर तोडगा निघाला त्याचे मूळ भारतात आहे, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनाही बहुधा ठाऊक नसावे. १९७७ साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काडीऐवजी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पुढे तशाच रेणूंच्या पातळ फिल्म टीएन पडद्यांवर लावून त्यांचा दृष्टिकोन रुंद करण्यात आला.) आयपीएस १९९६ च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीने बाजारात आणला, तेव्हा कुठे बाजूला बसलेल्याला त्याचा वाटा परत मिळाला.

टीएनचा एकच दावा उरतो तो वेगाचा. खोक्यावरील '१ मिलिसेकंद' या आकड्याला मात्र फार भुलू नये. तो सर्वांत अनुकूल परिस्थितीत मोजलेला असतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ते ७ वर येते. हा फरक डोळ्यांना खरोखर जाणवतो, आणि आज असा वेग आयपीएसमध्येही आमच्या ऐपतीत मिळतो. मग रंग घालवून चपळाई कशाला विकत घ्यायची?

खरी झुंज व्हीएशी झाली. आमच्यातला एक जण रात्रीचा प्राणी आहे. सारे निजल्यावर तो जागतो, एकटाच खेळतो, नाही तर चित्रपट लावतो. त्याने आयपीएस पाहिला आणि तोंड वाकडे केले. "ह्यात काळं कुठं काळं दिसायलंय? राखाडी दिसायलंय सगळं!" त्याचे म्हणणे खोटे नव्हे. आयपीएसमध्ये उजळ आणि काळ्या यांचे प्रमाण साधारण १००० ला १ असते, व्हीएमध्ये ३००० किंवा त्याहून अधिक. 'तुंबाड'सारखा चित्रपट, ज्यात पाऊस, कंदील आणि अंधार यांखेरीज फारसे काही नाही, तो व्हीएवर पाहण्यातच मौज. पण मी त्याला विचारले, अंधारी खोली आपल्याकडे किती तास असते? वर पत्रा, पश्चिमेला खिडकी, पडदा म्हणून लावलेली जुनी लुंगी. दुपारी दोनला त्या खिडकीतून जे ऊन येते त्यापुढे ३००० ला १ चा काळाही राखाडीच होतो. शिवाय स्वस्त व्हीएत गडद दृश्य भरभर सरकले की मागे काजळाचा ओघळ राहतो आणि शत्रू त्यातच दडतो. बाजूने पाहता त्याचेही रंग उतरतात, टीएनइतके नसले तरी. मतदान झाले, तीन विरुद्ध एक.

ओलेडविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो आमच्या ऐपतीच्या निदान चौपट आहे. काळा रंग त्यातच खरा काळा; वेगातही त्याला तोड नाही. परंतु एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. आमच्या पडद्यावर संध्याकाळी दोन तास खेळ चालतो आणि उरलेला दिवस स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, तीच पांढरी पाने, तीच खालची पट्टी. पैसे असते तरी मी तो या खोलीसाठी घेऊ दिला नसता.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. नावांचा घोळ फार आहे. पीएलएस हा आयपीएसचाच भाऊ. 'एएचव्हीए' असे लिहिलेले दिसले तर शेवटची अक्षरे पाहून व्हीए समजू नका. तोही आयपीएसच्याच घरातला. आणि दुकानदाराकडे चालू पडदा असेल तर समोर उभे राहून मान डोलावू नका. खाली उकिडवे बसा, डोके पडद्याच्या खाली न्या आणि वर पाहा. टीएन असेल तर तिथल्या तिथे उघडा पडतो. जुना पडदा घेत असाल तर पेन ड्राइव्हवर लाल, हिरवे, निळे, पांढरे आणि काळे अशी पाच कोरी चित्रे न्या. मेलेला ठिपका त्यांवर लगेच सापडतो. २४ इंची पडद्याला वीज साधारण २० ते ३० वॅट लागते. वीज गेल्यावर लहानसा इन्व्हर्टर त्याचा भार सहज घेतो. संगणकाचा भार मात्र निराळा मोजावा.

आमचा रात्रीचा गडी अजून रुसलेला आहे. नोकरी लागली की पहिल्या पगारात व्हीए घेणार आणि भिंतीकडे तोंड करून एकटाच पाहणार, असे त्याने जाहीर केले आहे. त्याच्या खोलीवर 'तुंबाड' पाहायला मी जाणार आहे. बरोबर समोरची जागा मला हवी, एवढे आताच सांगून ठेवले आहे.