एक्कावन्न वर्षांचे खाते

बँकेत असताना कर्जाचा प्रस्ताव समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "परतफेड कधीपासून?" आज ज्याविषयी लिहितो आहे तो प्रस्ताव मी त्याच दिवशी परत पाठवला असता.

जड वस्तूभोवती अवकाश आणि काळ वाकतात, हे आइन्स्टाइनने १९१५ मध्ये सांगितले. वस्तू स्वतःभोवती फिरत असेल तर ती अवकाश-काल आपल्याबरोबर किंचित ओढतेही, हे लेन्स आणि थिरिंग यांनी १९१८ मध्ये गणिताने दाखवले. पुरण घाटताना पळीबरोबर भोवतालचे पुरणही ओढले जाते ना, तसे. (ही उपमा घरी पसंत पडली.) पृथ्वीची ही ओढ मात्र अतिसूक्ष्म. अंतराळात फिरत्या भोवऱ्याचा अक्ष तिच्यामुळे वर्षभरात जेवढा कलेल, तो एका अंशाचा सुमारे ९२ हजारावा भाग!

असा भोवरा खरोखरच पाठवावा, असे स्टॅनफर्डच्या लिओनार्ड शिफ यांनी १९६० मध्ये सुचवले. शिफ १९७१ मध्ये गेले. फ्रान्सिस एव्हरिट यांनी काम रेटत नेले. पिंगपाँगच्या चेंडूएवढे क्वार्ट्झचे चार गोल घेऊन 'ग्रॅव्हिटी प्रोब बी' उडाले ते २००४ मध्ये. खर्च सुमारे ७५ कोटी डॉलर. तिथे गोलांवरच्या विद्युतभारांनी मोजणीत घोळ घातला. २००८ मध्ये नासाने हात आखडता घेतला, तेव्हा खासगी देणगी आणि सौदी अरेबियाचा पैसा धावून आला. निकाल २०११ मध्ये लागला. आकडा आइन्स्टाइनशी जुळला, पण अनिश्चितता सुमारे १९ टक्के.

त्यात गंमत अशी, की मुख्यतः पृथ्वीच्या मोजणीसाठी सोडलेल्या 'लेजिऑस' उपग्रहांवर लेझर मारून इग्नाझिओ चुफोलिनी आणि एरिकोस पाव्लिस यांनी हीच ओढ २००४ मध्येच मोजली होती, तीही सुमारे १० टक्क्यांच्या अचूकतेचा दावा करून. ऑडिटरने लाल शाईची बाटलीच संपवली असती.

हे आता आठवण्याचे कारण हिंगोली. औंढा नागनाथजवळच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी मिळाली. कृष्णविवरे एकमेकांवर आदळताना उठणाऱ्या लहरी ती टिपणार. अमेरिकेतल्या लायगोने २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या टकरीतून सुमारे ६२ सूर्यांच्या वस्तुमानाचे, जोरात गिरक्या घेणारे कृष्णविवर उरले होते. तिथली ओढ ९२ हजारावा भाग नव्हे, प्रचंड!

मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची ओरड असताना एवढा पैसा कशाला, असे विचारले जाईल. विचारावेच, पण ते मंजुरीपूर्वी. अर्ध्यावर पैसा थांबलेली बांधकामे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यांत बँकही बुडाली आणि मालकही. हिंगोलीच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. त्यांचा हप्ता दर अर्थसंकल्पात वेळेवर पडतो की नाही, हे मी जुन्या सवयीने पाहत राहणार आहे.