कबरीआधी सफर

नवरा-बायकोने प्रेमाने फिरायला जावे असे ठिकाण कोणते? आपल्यातला कुणीही सांगेल: ताजमहाल, नाहीतर औरंगाबादचा बीबी का मकबरा. अभिमानाने सांगेल. पण या कबरी आहेत, हे कुणी बोलत नाही. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. दिलरस बानो १६५७ मध्ये बाळंतपणानंतर महिनाभरात गेली. घुमट नंतर उभे राहिले.

बायको हयात असताना मात्र तिच्यासोबत दोन दिवस माथेरानला जाणे आपल्याकडे बेशरमपणा ठरतो. 'लोक काय म्हणतील?' मग सगळे खानदान जीपमध्ये कोंबून दर्ग्याला निघते आणि तिथेही चुलीपुढे तीच बसते. याला सफर म्हणायचे?

ही लाज दीनने शिकवली, असे म्हणणाऱ्यांनी अबू दाऊदमधली हदीस वाचावी. एका सफरीत पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांनी धावण्याची शर्यत लावली, त्या जिंकल्या. पुढे पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर (स.) जिंकले. त्यांना यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला कसला वाटतो?

पैशाचे निमित्तही नको. वलीम्यात एक देग कमी करा आणि एस.टी.ने मुरूडला जा, जंजिऱ्याच्या होडीत दोघे शेजारी बसा. अम्मी-अब्बांनाही जरूर न्या, पण दुसऱ्या खेपेला.

मकबरा बांधण्याची आपली ऐपत नाही, गरजही नाही. ती हयात आहे तोवर तिच्यासोबत चार पावले चाला.