लांब शब्दांचे सांधे

दिलेल्या अक्षरांतून जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधण्याचा खेळ मोबाइलमुळे घरोघरी पोहोचला, आणि त्याच्याबरोबर एक समजही पसरला. ज्याला लांबलचक शब्द येतात त्याचे इंग्रजी पक्के, असा तो समज. एखादे पोर पाहुण्यांसमोर ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ एका दमात म्हणून दाखवते आणि आईवडिलांना धन्य वाटते. त्या 28 अक्षरांचा संबंध इंग्लंडमधील चर्च आणि राज्यसंस्था यांच्या नात्यावरून एकोणिसाव्या शतकात झालेल्या वादाशी आहे, हे पोराला माहीत नसते आणि पाहुण्यांनाही नसते. हा खेळ शिकवण्यासारखा आहे, पण या घोकंपट्टीसाठी नाही. शब्द कुठे जोडला आहे ते ओळखण्याची नजर त्यातून मिळते, आणि मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी शिकताना नेमकी तीच लागते.

नुसत्या पाठांतराने काय साधते, याचे टोकाचे उदाहरण म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद त्याने अनेकदा मिळवले आहे. 2015 मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलचाही जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. 2024 मध्ये स्पॅनिशचीही गत तीच. त्याच्या स्मरणशक्तीपुढे हात टेकावेत, पण शब्दकोश डोक्यात असला तरी भाषा डोक्यात असतेच असे नाही, याचाही तो चालताबोलता पुरावा आहे. लांबीचा मोह तर याहून फसवा. इंग्रजी कोशांतला सर्वांत लांब म्हणून मिरवला जाणारा 45 अक्षरांचा शब्द, न्यूमोनो या तुकड्याने सुरू होणारा, डॉक्टरांच्या गरजेतून आलेलाच नाही. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेचा अध्यक्ष एव्हरेट स्मिथ याने 1935 मध्ये तो मुद्दाम रचला. सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार असा त्याचा अर्थ. वैद्यकात त्या आजाराला नऊ अक्षरांत सिलिकोसिस म्हणतात आणि काम भागते.

मुरलेले खेळाडू अक्षरांकडे पाहतात कसे, हे त्यापेक्षा शिकण्यासारखे आहे. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा 1930च्या दशकातील मंदीत बेकार झालेला वास्तुविशारद. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रांतून मोजले, म्हणून खेळात ‘ई’च्या 12 सोंगट्या आहेत आणि ‘क्यू’ची एकच. ‘एस’ मात्र इंग्रजीत मुबलक असूनही चारच, कारण हे एक अक्षर मागे चिकटवले की अनेकवचन फुकटात मिळते. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ कोड्यात सात अक्षरे असतात आणि मधले वापरावेच लागते. तिथेही ‘एस’ सहसा देतच नाहीत. कोडे रचणाऱ्यांना जे कळते ते सोडवणाऱ्यालाही कळू लागते. तो आधी ‘आयएनजी’ शेवटी सारतो, ‘यूएन’ किंवा ‘आरई’ पुढे आणतो आणि मग उरलेल्या चार-पाच अक्षरांशी झुंजतो. एकही अक्षर पुन्हा न येणारा 15 अक्षरांचा ‘अनकॉपीराइटेबल’ अचंबा वाटावा असा आहे, पण त्यातले ‘अन’, ‘कॉपी’, ‘राइट’ आणि ‘एबल’ हे चारही तुकडे पाचवीतल्या मुलाच्या ओळखीचे असतात.

देवनागरीत बव्हंशी उच्चाराबरहुकूम लिहायची सवय असलेल्याला इंग्रजी स्पेलिंग म्हणजे लहरी कारभार वाटतो. ‘साइन’मध्ये ‘जी’ कशाला? ‘सिग्नेचर’ शेजारी ठेवला की ‘जी’ ऐकू येतो. ‘बॉम्ब’मधला शेवटचा ‘बी’ इंग्रजीत मुका, ‘बम्बार्ड’मध्ये बोलका. (आपण मराठीत तो दोन्हीकडे ठणठणीत उच्चारतो, ते वेगळे.) उच्चार बदलला तरी शब्दाचे कूळ कागदावर दिसत राहावे, असा इंग्रजी स्पेलिंगचा बराचसा व्यवहार आहे. ठरावीक अक्षरे असलेले शब्द शोधताना अशी कुळे एकत्र सापडतात. आणि हे मराठी माध्यमाच्या मुलाला परके नाही. उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द तो व्याकरणाच्या तासाला शिकलेलाच असतो. ‘बेजबाबदारपणा’चे तीन तुकडे त्याला विचारावे लागत नाहीत. तीच कात्री इंग्रजीवर चालवायला कोणी सांगत नाही, एवढेच.

यावर आक्षेप येतील. संगणकाला अक्षरे दिली की क्षणात यादी पुढे येते, मग डोके कशाला शिणवायचे? यादी जरूर घ्यावी. खरे काम तिथून पुढे सुरू होते, कारण समान शेपटाचे शब्द वेगळे काढणे आणि त्यांत अर्थाचे नाते आहे का हे तपासणे माणसालाच करावे लागते. भाषा वाचनाने येते, कोड्यांनी नाही, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. वाचनाचा वेळ खाऊन हा खेळ खेळायचा असेल तर तो न खेळलेला बरा. सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा, की सगळे शब्द असे उकलत नाहीत. ‘कार्पेट’मध्ये ना ‘कार’ आहे ना ‘पेट’, आणि ‘अंकल’मधला ‘यूएन’ नकारार्थी नाही. खरे आहे. नऊ अक्षरांत एकच स्वर असलेल्या ‘स्ट्रेंग्थ्स’चे बहुवचनाचे ‘एस’ पाचवीतला मुलगा काढील, पण ‘स्ट्राँग’शी असलेले नाते त्याला दाखवावे लागेल. म्हणूनच फोड अर्थावर घासून पाहायची असते. ‘कार्पेट’वर फसलेला मुलगा पुढच्या शब्दाला कात्री लावण्याआधी कोश उघडतो, आणि कोश उघडण्याची सवय लावायला शाळांना आजवर फारसे काही जमलेले नाही.

तेव्हा शाळांनी स्पर्धा जरूर घ्याव्यात, फक्त गुणांची वाटणी बदलावी. सात अक्षरे फळ्यावर लिहावीत. शब्द शोधल्याबद्दल निम्मे गुण द्यावेत, उरलेले निम्मे त्याचे सांधे दाखवून त्याच कुळातले आणखी दोन शब्द सांगणाऱ्याला. 28 अक्षरांचा शब्द धडाधड म्हणणाऱ्यालाही हाच नियम लावावा. ‘एस्टॅब्लिश’च्या पुढे आणि मागे काय काय जोडले आहे ते त्याने फळ्यावर करून दाखवावे, आणि टाळ्या त्यानंतर.