एक बटण दाबायचं, त्यात काय?

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाने संगणकाच्या पोटात डोकावू नये, हे मला मान्य आहे. पण शेजारच्या काउंटरवरच्या माझ्या सहकाऱ्यांना निवृत्ती जवळ येताच एकाएकी गाण्याची ओढ लागली, आणि गेल्या आठवड्यात ते मला म्हणाले, "तुमच्या पुतण्याचा तानपुरा आमच्या कॉम्प्युटरवर मुका आहे हो. विंडोजसाठी नीट करून द्यायला सांगा त्याला. एक बटण दाबायचं, त्यात काय?"

हे 'त्यात काय' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

पुतण्याने हौसेने तानपुऱ्याचा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. त्यातला आवाज स्पीकरपर्यंत पोचवते ती पोर्टऑडिओ नावाची मुक्तस्रोत लायब्ररी. (वर्गणी थकवायची ती लायब्ररी नव्हे. कुणीतरी लिहून ठेवलेलं आणि कुणीही आपल्या प्रोग्रामला जोडावं असं काम.) रॉस बेन्सिना आणि फिल बर्क यांनी २००१ साली तिच्यावर निबंध सादर केला. ध्वनिमुद्रणाचं प्रसिद्ध ऑडॅसिटीही तिच्याच जिवावर बोलतं. तिची गरज का पडली? तर स्पीकरकडे जायचं दार ज्याने त्याने वेगळं ठेवलं म्हणून. मॅकवर कोअर ऑडिओ, लिनक्सवर अल्सा आणि आणखी एकदोन. विंडोजवर तर एमएमई, डायरेक्टसाउंड, एएसआयओ, डब्ल्यूडीएम-केएस, वासापी अशी पाच! आमच्या अख्ख्या वाड्याला दोन दारं होती.

पुतण्याकडे मशीन एकच, तेही लिनक्सचं. त्यावर बसून विंडोजला पचेल असं घडवायचं, याचं नाव क्रॉस-कंपायलिंग. हा नैवेद्याचा स्वयंपाक आहे. मीठ अंदाजाने घालायचं, चाखायचं नाही. अळणी झालं तर देव बोलत नाही, गिऱ्हाईक मात्र बोलतं. त्यातून सी भाषेतला 'लाँग' हा आकडा ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटांचा आणि ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटांचा. हे ऐकून मला घाम फुटला. रकान्याचं नाव एकच, पण एका शाखेत आठ घरं, दुसरीत चार! आमच्याकडे असं झालं तर ऑडिटर तिथेच मुक्काम ठोकेल.

मॅकचं सोवळं आणखी कडक. ॲपलच्या परवान्याप्रमाणे त्यांची अवजारं त्यांच्याच यंत्रावर वापरायची. म्हणजे फुकट वाटायच्या तानपुऱ्यासाठी आधी पदरमोड करून मॅक घ्या. त्यातही २०२० पासून दोन कुळं झाली, एक इंटेलचं आणि दुसरं ॲपलच्या स्वतःच्या चिपचं.

कंपन्यांनी कुंपणं घालायची आणि त्यांत दिंड्या पाडायला बिनपगारी पोरांनी रात्री जागायचं, हा कुठला न्याय? पण कंपन्या निदान आपला धंदा करतात. माझं खरं भांडण आपल्याशी आहे. आमच्या कर्जाच्या अटी भिंगाने वाचाव्या लागतात. या लायब्ररीच्या परवान्यात मात्र 'हमी नाही' हे चांगलं मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, आणि आपण मागतो ती हमीच! कुणी म्हणेल, निभत नव्हतं तर वाटलं कशाला? अहो, त्याने विहीर खणून दिली. पोहरा तरी आपण न्याल की नाही?

शनिवारी पुतण्या म्हणाला, "काका, विंडोजचं बंद करतो. झेपत नाही."

सोमवारी मी सहकाऱ्यांपुढे कागद ठेवला. म्हटलं, तक्रार लेखी द्या. विंडोज कितवं, साउंडकार्ड कोणतं, पाचांपैकी कुठल्या दाराने आवाज गेला नाही. जन्मभर लोकांकडून फॉर्म भरून घेतलेला माणूस दुसऱ्याच रकान्यात अडकला. "साउंडकार्ड म्हणजे ते एटीएमसारखं का हो?" असं मला दोनदा विचारून झालंय.

पुतण्याने आठ दिवस थांबायचं कबूल केलंय. आज गुरुवार.