बोट लागते तेव्हा

परदेशी स्थायिक झालेली मुले हल्ली आईवडिलांना शिडाच्या नौकेतून एखादे कॅरिबियन बेट दाखविण्याचा बेत आखतात. बेत आनंदाचाच आहे. बेक्वियाचे उदाहरण घ्या. सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेस असलेले हे बेट जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. पण मधल्या सामुद्रधुनीत पूर्वेचे व्यापारी वारे आणि अटलांटिकच्या लाटा थेट शिरतात. प्रवास दोन-एक तासांचा, तेवढ्यात बोट लागते.

मग कोणीतरी प्रेमाने आपल्याजवळची गोळी पुढे करते. येथे थांबावे. डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन या गोळ्यांनी किंवा कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्टीने तरुणांना झोप येते, तोंड कोरडे पडते. उतारवयात मात्र भ्रम होऊ शकतो, प्रोस्टेट वाढलेल्या गृहस्थांची लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. आजोबा असंबद्ध बोलू लागले, की घरची मंडळी उन्हाला दोष देतात आणि दुसरी गोळी देतात! म्हणून औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे व त्यांच्या संमतीने पहिली मात्रा घरीच घेऊन पाहावी. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर उलट्या झाल्यास ती घ्यावी की थांबवावी, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

खरी कसोटी पोहोचल्यावरची, आणि ती गुंगीत द्यावी लागू नये. अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये नौका नांगरून ठेवतात. किनाऱ्यावर डिंगीने, म्हणजे लहानशा होडीने जायचे. दोन हलत्या बोटींमधले ते एक पाऊल! जीवरक्षक जाकीट अंगात असावेच. पिशवी आधी दुसऱ्याकडे द्यावी. सोबत्याने बोटे नव्हे, मनगट धरावे. पाऊल होडीच्या मध्यभागी टाकावे आणि लगेच खाली बसावे. गेल्या वर्षभरात एकदा जरी पडला असाल, तर माझ्या मते हा खटाटोप नकोच. किंग्जटाउनहून मोठी फेरीबोट सुटते, ती तासाभरात पोर्ट एलिझाबेथच्या धक्क्याला लागते. त्यात कमीपणा कसला?

उतरल्यावर काही वेळ जमीनही डुलल्यासारखी वाटते. तेव्हा लगेच चालू लागू नये, सावलीत बसावे. झाड मात्र स्थानिकांना विचारून निवडावे. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड वाढते. त्याची हिरव्या सफरचंदासारखी फळे विषारी असतात आणि पावसात नुसते त्याखाली उभे राहिले, तरी ठिबकणाऱ्या चिकाने अंगावर फोड येतात.