चिमणीतली चिमणी



आपल्या मराठीत 'चिमणी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. अंगणातली चिऊताई ती चिमणी, रॉकेलचा छोटा दिवा तीही चिमणी आणि धूर बाहेर नेणारं धुराडं तीही चिमणीच. दुसरीच्या वर्गात मी हे तीन अर्थ शिकवत होते. तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या चिमणीत चिमणीनं घर केलं होतं. पप्पांनी काठीनं पाडलं. पिल्लं मरून गेली."

हसणारा वर्ग एकदम गप्प झाला. मीही गप्प झाले, कारण गेल्या वर्षी माझ्या घरीही तेच होता होता राहिलं होतं.

मार्च महिना होता. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा धूर मागे यायला लागला. बाहेर जाऊन पाहिलं तर पाइपच्या तोंडातून गवत लोंबत होतं आणि आतून चिवचिव येत होती. मी झाडू घेऊन स्टुलावर चढलेच. सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. त्या म्हणाल्या, "पिल्ले उडी ग्यात म्हणजे काढजो वं माय." माझी मुलगी बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी खाली उतरले.

चिमणीच्या बटणावर चिकटपट्टी लावली. खिडक्या उघड्या ठेवून, फोडणीचा ठसका खात आम्ही दिवस काढले. तीन आठवड्यांच्या आत घरटं रिकामं झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे, मूल्यशिक्षण फळ्यावर होत नाही, ते त्या स्टुलावर होतं. आपण वर्गात बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता शिकवतो. आसोद्याच्या या लेकीचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, याचा अभिमान सांगतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा करतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून तो सुरू झाला, हेही मुलांना सांगतो. आणि त्याच मार्चमध्ये, घरट्यांच्या ऐन दिवसांत, घरी येऊन झाडू उचलतो. मुलं भाषण विसरतात, झाडू विसरत नाहीत.

काही जण म्हणतील, "मॅडम, घर आमचं आहे, घाण आम्ही का सोसायची?" प्रश्न बरोबर आहे. पण आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची घरं आठवा. मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांमधल्या फटी, धूर जायला वरचं भोक. चिमणीला जागाच जागा होती. आता स्लॅब आणि टाइल्स आल्या, फटी बुजल्या. उरलं ते पाइपचं तोंड. ती आपल्या घरात घुसत नाही, तिची जुनी सवय पाळते.

मग करायचं काय? चिमणी साधारण चार-पाच अंडी घालते. ती उबवायला ११ ते १४ दिवस लागतात आणि पुढे दोन-अडीच आठवड्यांत पिल्लं उडतात. म्हणजे सगळा प्रश्न महिनाभराचा. तोवर पंखा बंद ठेवा. घरटं रिकामं झालं, हे दोन-तीन दिवस बघून पक्कं करा. मग नाक-तोंड बांधून पाइप स्वच्छ करा आणि लगेच त्याच्या तोंडाला झडप बसवा. उशीर केला तर ती पुन्हा तिथेच अंडी घालते. बारीक जाळी लावू नका, ती तेलकट होऊन तुंबते. जवळच सावलीत एक लाकडी खोका टांगा. जळगावचं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, म्हणून मातीच्या भांड्यात पाणीही ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. घरटं गॅस गीझरच्या पाइपात असेल तर गीझर अजिबात लावू नका. तुंबलेल्या पाइपामुळे कार्बन मोनॉक्साइड बाथरूममध्ये साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. महिनाभर चुलीवर नाहीतर शेगडीवर पाणी तापवा. दया करायची ती लेकरांचा जीव धोक्यात घालून नाही.

आणि हो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला त्रास देणं हेही येतं. मुलांना कायद्याची भीती दाखवू नका, पण मोठ्यांनी तो माहीत करून घ्यावा.

त्या मुलाला मी रागावले नाही, त्याच्या पप्पांनाही नावं ठेवली नाहीत. वर्गात फक्त एक 'घरटं वही' सुरू केली. घराजवळ घरटं दिसलं की तारीख लिहायची, रोज दुरून बघायचं, हात लावायचा नाही. पहिली नोंद त्याच मुलानं आणली : "आज चिमणी परत आली. पप्पा म्हणाले, राहू दे."

हा उपक्रम तुम्हीही करून बघा. खर्च एका वहीचा आहे.